भावजींची बाद फेरी

माझ्या धाकट्या दिरांनी जन्मात जर कशावर विश्वास ठेवला असेल, तर तो आमच्या पोशीरच्या कबड्डी संघावर, आणि तोसुद्धा साखळी सामने संपेपर्यंतच. बाद फेरी लागली की सूर्य उगवला तरी तो नेमका आमच्याच पोरांच्या डोळ्यांवर का उगवला, हे ते शोधायला लागतात. भात कापून खळ्यावर आलं, शेतं मोकळी झाली, की गावोगाव मैदानं आखली जातात आणि आमच्या भावजींच्या अंगात फौजदार संचारतो. परगावी गेले की आधी चप्पल काढून अख्खं मैदान तुडवतील, मग दोन्ही बाजूंची माती चिमटीत घेऊन हुंगतील. "आपल्याच बाजूला पानी जास्त मारलंय. पाय घसरंल आपला." मध्यंतरानंतर बाजू बदलतात हो, असं कुणी म्हणालं, तर उत्तर तयार. "ते त्यांना ठाव हाय. तवर वाळतंय की!" पंचाची शिट्टी आमच्या वेळी जोरात वाजते, यजमान गावचा नारळ एका फटक्यात फुटला म्हणजे तो आधीच चिरलेला होता, आणि पाहुण्या संघाला वडे गरम दिले तर ते जड होऊन पोरांनी पेंगावं म्हणून.

हरलो तर हे समजू शकते मी. पण जिंकलो की त्यांचा संशय दुप्पट होतो. यंदा आमची पोरं साखळीत सुटल्यासारखी खेळली. निलेश नावाचा आमचा उंच चढाईवाला दर चढाईला कुणाला ना कुणाला शिवूनच परते. गावात पेढे वाटले, आणि भावजी पेढा हातात धरून ओसरीवर सुतकात बसल्यासारखे बसले. "वयनी, हे बरं नाय. जिंकू देतायत आपल्याला. बाद फेरीत बगा, कसं चेपतील."

या संशयाच्या यादीत पहिला मान अर्थात माझा. माझं माहेर कुंभिवली, आणि कुंभिवलीचा संघ म्हणजे आमचा पिढीजात वैरी. त्यात मी लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात जे केलं, ते ऐका आणि हसून घ्या. तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजायची. नवं लुगडं नेसून, पदर सावरत, सगळ्या बायकांच्या पुढे जाऊन बसले होते. कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चेहरा असा, जणू नियम मीच लिहिलेत. आमचा एक गडी पलीकडे गेला आणि कुंभिवलीच्या सगळ्यांनी मिळून त्याला कवळ घातली. मला वाटलं, बिचाऱ्याला घेरी आली, सावरतायत. माहेरची माणसं किती मायाळू, म्हणून माझा ऊर भरून आला आणि मी टाळ्या पिटल्या. सगळं पोशीर गप्प, आणि त्या शांततेत माझ्या एकटीच्या बांगड्या वाजतायत! मिसरूड फुटलेले भावजी मागून म्हणाले, "दादा, फितूर घरात आनलास." तेव्हापासून आजतागायत सामन्याच्या दिवशी ते माझ्या हातचा चहा घेत नाहीत. मी अंगणात आले की संघाचे डावपेच बंद आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू. एकदा मी फोनवर भावाच्या तब्येतीची चौकशी करत होते, तर हे दारामागे उभे. "गुडघा दुखतो म्हंजी कुनाचा गुडघा?"

यंदा मात्र त्यांची पंचाईत झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन करा म्हणून धाकटी जाऊ मागे लागली, तर म्हणतात, "डोळं बांधून ठेवतील आन् तेवढ्यात फायनल उरकून घेतील. त्या डाक्टरचं सासर खालापूरकडं, कुंभिवलीच्याच अंगाला हाय, मी काडलंय शोधून." नजर अधू व्हायला लागली तेव्हापासून त्यांच्या शेजारी आमचे हे बसायचे आणि धुळीत काय चाललंय ते सांगायचे. जगात भावजी एवढ्या एकाच माणसाचं ऐकत. गेल्या पावसाळ्यात हे गेले, आणि ती जागा रिकामी राहिली. गावातल्या इतरांना भावजींनी केव्हाच नापास केलं होतं. हा ओरडतोच फार, त्याला हरलेलं दिसतच नाय, तो पंचाचा साडू.

अंतिम सामना चौक गावी, आणि समोर दुसरं कोण असणार? कुंभिवली. टेंपोत बसायच्या आधी भावजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले, काठीने माती उकरत.

"वयनी, तुमी बसा माज्या बाजूला. दिसंल ते सांगा. पन शपथ घ्या."

"कुठल्या देवीची? पोशीरच्या की माहेरच्या?"

"दोनीकडच्या."

घेतली. आणि त्यांनी माझ्या हातचा चहाही घेतला, निम्मा जाऊबाईला आधी पाजून.

ऊन कलल्यावर सामना सुरू झाला. मी सांगत होते: "निलेश गेला... कोपऱ्यातल्याला शिवला... आला." पहिल्या पहिल्यांदा भावजी पलीकडच्या म्हाताऱ्याकडून पडताळून घेत, "खरं काय रं?" मध्यंतरानंतर तेही थांबलं. ते नुसते माझ्या तोंडाकडे कान करून बसले, हे असताना त्यांच्याकडे करून बसत तसे. मग उरली शेवटची चढाई. आम्ही एका गुणाने मागे. निलेशने दोघांना शिवलं, वळला, आणि कुंभिवलीच्या एकाने त्याचा घोटा धरला. तो पोटावर सरपटत मध्यरेषेकडे हात ताणतोय, त्याच्यावर सगळे पडलेले, आणि शिट्टी झाली. पंचाने हात कुंभिवलीकडे केला.

सगळं पोशीर उठून उभं. "लागला! हात लागला!" भावजींनी माझं मनगट धरलं.

"वयनी, लागला का रेषेला? खरं सांगा."

मी बरोबर रेषेच्या तोंडाशी बसले होते. 'लागला' म्हटलं असतं, तर माणूस त्या पंचाला मरेपर्यंत शिव्या घालत सुखात राहिला असता. पण त्या जागेवर बसून ह्यांनी त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही लागला, भावजी. चार बोटं राहिली."

आता म्हणतील, फितूर. मी पदर खोचून भांडायच्या तयारीत. भावजी माझं मनगट सोडून म्हणाले, "मंग हरलो." आणि ओरडणाऱ्या पोरांकडे वळून, "बसा रं खाली. वयनींनी बगितलंय."

परतताना टेंपोत पाण्याबद्दल नाही, शिट्टीबद्दल नाही, एक शब्द नाही. इतकी वर्षं मी म्हणत आले, एकदा तरी विश्वास ठेवा. ठेवला, तर माणूस नुसता म्हातारा दिसायला लागला.

सकाळी भावजी ओसरीवर येऊन बसले. मी मुद्दाम चहात साखरेऐवजी मीठ घातलं. म्हटलं, एक घोट घेतील, कप आपटतील, म्हणतील, घातलंत ना शेवटी विष, कुंभिवलीकरीण! दाराआड उभी राहून वाट बघत होते.

त्यांनी फुंकर मारून पूर्ण कप प्यायला, पालथ्या हाताने मिशा पुसल्या आणि रिकामा कप माझ्या बाजूला सरकवला.

"बरा झालाय चा," म्हणाले.