सुलभाताईंच्या मशीनवरच्या दुपारी

हात लोकरीत गुंतले की तोंड मोकळंच राहतं, म्हणून विणणाऱ्या बायकांकडे किस्से साठतात. आमच्याकडे तर इतके साठलेत, की कुठला कोणाच्या बाबतीत घडला यावरून भांडणं होतात!

आम्ही म्हणजे मीरा रोडच्या शांती नगरात सुलभाताईंच्या हॉलमध्ये दुपारी जमणाऱ्या चौघी. सुलभाताईंचं विणायचं मशीन, वरच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेनचं भरतकाम, खाडीकाठच्या राई गावाहून येणाऱ्या हेमाचं क्रोशे, आणि माझं सगळ्यातलं थोडं थोडं, म्हणजे धड काहीच नाही.

पाचवी शिल्पा, शेजारच्या फ्लॅटमधली. ती विणायची नाही, दिवाणावर कुशीवर पडून राहायची. आधीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं, आता पुन्हा दिवस राहिले होते. डॉक्टरने आराम सांगितलेला, आणि घरी एकटी पडली की तिला भीती वाटायची. म्हणून ती आमच्यात येऊन पडायची. तिला हसवायचं, ही आमची ड्युटी.

पंखा फिरतोय, खाडीवरचा वारा पडद्यात शिरतोय, मशीनवरची सरकती कॅरेज खर्र करून जातेय, खर्र करून येतेय. अर्धी झोप, अर्धी जाग. त्या दुपारी आठवल्या की अजून माझे डोळे जड होतात.

*

मीरा रोडला थंडी पडते कधी? घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेले, आणि सुलभाताई जाडजूड, पूर्ण बाह्यांचे, गळाबंद स्वेटर विणतायत! कोणासाठी, ते त्यांनाही माहीत नसायचं. विणताना त्यांना म्हणे डोंगर दिसतात, बर्फ दिसतो. आयुष्यात बाई महाबळेश्वरच्या वर गेलेली नाही.

एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस तो ढीग बघतच राहिला. "भाभी, इधर तो ठंड पड़तीच नहीं. इतना स्वेटर किसके लिए?"

सुलभाताईंनी कॅरेज थांबवली, खिडकीबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "और पड़ गई तो?"

*

खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड अंकल राहतात. मशीन आलं त्या पहिल्या आठवड्यात तणतणत वर आले. "ये खर्र-खर्र बंद करो! दोपहर को आदमी सोएगा कि नहीं?" सुलभाताईंनी मशीनखाली जुनी सतरंजी घातली. आवाज थोडा कमी झाला, अंकल गप्प झाले.

पुढे मशीनच्या काही सुया वाकल्या आणि काम बंद पडलं. दोन-तीन दुपारी गेल्या. मग बेल वाजली. दारात अंकल, केस विस्कटलेले, डोळे लाल!

"मशीन बंद क्यों है? नींद नहीं आ रही!"

शिल्पा इतकी हसली की सुलभाताई घाबरून म्हणाल्या, "पुरे गं, पोटाला धर!"

*

हेमाने क्रोशेची पहिली शाल केली तेव्हा तिचे फास सैल पडले. तिची बोटं चांगली दणकट, लहानपणापासून मासळीची जाळी दुरुस्त केलेली. बोटभर भोकं! तरी हौसेने घरी नेऊन सासऱ्यांना दाखवली. म्हातारे जन्मभर खाडीत होडी घातलेले. त्यांनी शाल दोन्ही हातांनी ताणली, उजेडात धरली, खालून बघितली, वरून बघितली.

"ब्येस हाय," म्हणाले. "बारीक मावरा सुटंल, पर मोठा न्हाय जायाचा!"

ती शाल शिल्पानेच मागून घेतली. पांघरून पडली की म्हणायची, "मला पाण्यात तरंगल्यासारखं वाटतं." आम्ही मान डोलवायचो, कारण त्या हॉलमध्ये सगळ्यांनाच तसं वाटायचं.

*

ज्योत्स्नाबेनला रंग स्वप्नात दिसतात. खोटं नाही, खरंच! मोराची मान भरायची होती आणि हिरवा काही पसंत पडेना. एका सकाळी उठल्या त्या थेट आमच्या नेहमीच्या रेशमाच्या दुकानात, मी सोबत.

"भाई, कल सपने में जो हरा देखा था, वो दे दो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराने मात्र मान वर न करता सांगितलं, "वो वाला खलास हो गया, बेन. परसों आएगा."

आणि दोन दिवसांनी खरंच आला! ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, "हाच!"

*

आता मालतीकाकी. शिल्पाच्या सासूबाई, रायगडकडच्या, आवाज कडक. त्यांची सक्त ताकीद होती, बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी एक टाकासुद्धा घालायचा नाही. मागच्या वेळी घर तयारीने भरलं होतं, आणि बाळ आलंच नाही. तेव्हापासून काकींनी धसकाच घेतला होता.

पण आमचे हात कसले ऐकतायत! एक दिवस काकी अचानक आल्या. सुलभाताईंनी घाईघाईने मशीनवर टॉवेल टाकला. काकींनी तो उचललाच.

"हे काय?"

"रुमाल," सुलभाताई म्हणाल्या.

"रुमालाला बाही?"

काकींनी शिल्पाकडे बघितलं, टॉवेल परत नीट पांघरला आणि म्हणाल्या, "पुरा करू नका." एवढंच बोलून गेल्या. त्यांचा राग यायचा मला, पण त्या दिवशी नाही आला.

*

मग आठवा लागता लागता शिल्पाला हॉस्पिटलात न्यावं लागलं. मुलगी झाली. जीव एवढासा, काचेच्या पेटीत ठेवलेला. त्या दुपारी आम्ही चौघी बसलो होतो, आणि मशीन गप्प होतं.

बेल वाजली. मालतीकाकी.

"सिस्टर टोपी नि मोजे आणायला सांगतेय. मऊ हवेत, बारके हवेत."

सुलभाताई ताडकन उठल्या, कपाटातून नवी लोकर काढायला लागल्या. "नवी नको," काकी म्हणाल्या, "बाळाला पहिल्यांदा जुनंच घालायचं." आणि पिशवीतून त्यांनी एक स्वेटर काढला. पिवळा, हाताने विणलेला, तान्ह्या बाळाचा. घड्यांवर रंग उडालेला, डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"हा मोठा होतोय तिला. उसवा."

ज्योत्स्नाबेनने शिवणी सोडवल्या, बटणं कापली. काजं घट्ट होती. त्यांतून बटण कधी गेलंच नव्हतं. न आलेल्या बाळासाठी विणलेला होता तो. हेमाने स्वयंपाकघरात पाणी उकळत ठेवलं, वाफेवर लोकर सरळ करायला.

धाग्याचं टोक मी ओढायला गेले, तर काकींनी माझा हात बाजूला केला. स्वेटर मांडीवर घेऊन त्या स्वतः उसवायला बसल्या. ओळीमागून ओळ सुटत होती, हेमा वाफ देत होती, आणि मशीन खर्र करून जात होतं, खर्र करून येत होतं. काकींच्या मांडीवर स्वेटर लहान लहान होत गेला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

वाटीएवढी टोपी झाली. अंगठ्याएवढे मोजे झाले. हेमाने धुऊन पंख्याखाली वाळवले. काकींनी रुमालात बांधून घेतले आणि चपला घालायला लागल्या.

"काकी, बरीच लोकर उरलीय," सुलभाताई म्हणाल्या. "हिचं काय करू?"

काकी दारातच थांबल्या.

"राहू दे. मोठी होईल ना ती, तेव्हा लागेल."