मुठीतली ऊब

आमच्या इस्पितळातल्या लॅबवाल्या भाऊंनी कुणाला दोन्ही हातांनी नमस्कार केलेला मी पाहिला नाही. वॉर्डातून निघताना त्यांची उजवी मूठ छातीशी बंद असे, आणि मुठीत रोग्याच्या पाठीतून काढलेल्या पाण्याची काचेची नळी. नवे लोक त्यांना गर्विष्ठ समजत. मला मात्र ते सांगत, "सिस्टर, पाणी थंडं झालं का मेंदूतला जंतू निपचित पडते. मंग हलल्याबिगर मले तो ओळखूच येत नाही."

आता म्हणे यंत्रं जंतूचा अंशसुद्धा हुडकतात. ऐंशी सालाच्या आसपास भंडाऱ्यात आमच्यापाशी एक मायक्रोस्कोप होता आणि ही मूठ.

त्या हिवाळ्यात आसगावची एक बाई आली. दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिची प्रतिकारशक्ती पार गेली होती. डॉक्टरांना मेंदूचा टीबी वाटला. भाऊंनी तासभर मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही आणि काचेवर हळूच सरकणारा अमिबा डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी शाबासकी दिली.

"याच्यावर दवाई आहे का?" भाऊंनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

भाऊ रोग्यापाशी कधी बसत नसत. त्या दुपारी बाईच्या खाटेशी स्टूल ओढून बसले होते.

"काहून बसून राहिले, भाऊ?" मी विचारलं.

तेव्हा दिसलं, तिचा हात त्यांच्या उजव्या मुठीत होता.

"हात थंडा पडून राहिला, सिस्टर," ते म्हणाले, आणि त्यांनी मूठ छातीशी घेतली.