गालिच्यातलं लाल पाणी

मलकपेठेतल्या आमच्या घरी आईच्या खोलीत सायीच्या रंगाचा गालिचा होता. फरशी गुळगुळीत, आईचं वय झालेलं, त्यात हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोक्याला लागलं तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब घेऊन या. आत रक्तस्राव झाला तर बाहेरून कळत नाही. ती घसरू नये म्हणून गालिचा घातला होता.

एका रविवारी पलंगाशेजारी फिकट पिवळा डाग दिसला. आई म्हणाली, चहा सांडला. मी दिलसुखनगरहून गालिचा धुण्याचं यंत्र भाड्यानं आणलं. एका टाकीत गरम पाणी आणि साबणाचं औषध भरायचं. यंत्र ते फवारतं आणि मळलेलं पाणी दुसऱ्या, पारदर्शक टाकीत ओढून घेतं. दुकानदारानं औषधाची बाटली दिली आणि दम भरला, "साब, दवा यहीच डालना. घर का फिनाईल, ब्लीच कुछ बी नक्को. पानी नल का गरम, उबलता हुआ नक्को. पहले कोने में देख लेना."

सगळं तसंच केलं. खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले, बाटलीवरच्या खुणेइतकंच औषध घेतलं. पलंगाखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी यंत्र फिरवून पाहिलं. रंग बदलला नाही. मग ते डागावर आणलं.

डाग लाल झाला.

क्षणात झाला. पारदर्शक टाकीत लालसर पाणी चढू लागलं. मी यंत्र बंद केलं. कोपऱ्यात काही झालं नव्हतं, म्हणजे दोष औषधाचा नव्हता. हा लाल रंग गालिच्यात आधीपासून होता. रक्त, एवढा एकच शब्द डोक्यात आला.

आई बाहेरच्या खोलीत अंबाडीची भाजी निवडत बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मी न्हाणीघरातून ब्लीचची बाटली आणून टाकीचं झाकण उघडत होतो. का, ते आज सांगता येत नाही. तो रंग डोळ्यांसमोरून जावा, एवढंच होतं. तिनं मनगट धरलं.

"अहो, काय करताय? दुकानदार काय म्हणाला? आत काय काय असेल त्या औषधात. गरम पाण्यात हे ब्लीच ओतलंत आणि वाफ उठली तर आईंना श्वास घेता येणार नाही."

बाटली तिनं बाहेर नेऊन ठेवली. मग वाकून डागाकडे पाहिलं.

"रक्त नाही हे. हळद आहे. हळद लागलेल्या साडीला साबण लावला की अशीच लाल होते."

तिनं पांढऱ्या फडक्यानं थोडा लाल ओलावा टिपला, त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले. फडकं पिवळं झालं. मी हसलोही असेन.

हसू थांबलं ते तिच्या चेहऱ्याकडे पाहून.

"पण आई तर चहा म्हणाल्या," ती हळूच म्हणाली. "चहात हळद कुठून आली?"

आमच्या घरात हळद स्वयंपाकाशिवाय एकाच कामाला लागते. कापलं, खरचटलं की जखमेवर चिमूटभर दाबून धरायची.

आम्ही बाहेर गेलो. आईनं मान वर केली नाही.

"आई, पदर काढ."

"कायकू?"

"काढ म्हणतो ना."

"उगंच परेशान होतोस. मोठं काही नाही."

पदर मी बाजूला केला. मागच्या बाजूला केस एकमेकांना चिकटले होते. मुळाशी पिवळं आणि काळसर. परवा दुपारी घरात कोणी नसताना तिचा पाय गालिच्याच्या काठात अडकला होता. पलंगाची कड लागली. तिनं हळद भरली, सांडलेली ओल्या फडक्यानं पुसली आणि संध्याकाळी आम्हाला चहा करून दिला.

इस्पितळाच्या वाटेवर रिक्षात तिनं एकदा जांभई दिली. बायको तिला सारखं बोलतं ठेवत होती.

"सांगायचं नाही का, आई?"

"सांगितलं असतं तर एखादी बाई ठेवली असती तुम्ही माझ्यावर. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसली असती. नक्को गं बाई."

डोक्याच्या तपासणीत रक्तस्राव दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, अशा गोळ्यांवर तो उशिराही होतो. रात्रभर ठेवू, सकाळी पुन्हा पाहू. ती झोपली की परिचारिका तिला हलवून जागं करायची, नाव विचारायची. आई प्रत्येक वेळी नाव सांगायची आणि वर एक शिवी द्यायची. शिवी येईपर्यंत मी श्वास धरून असायचो. सकाळची तपासणीही स्वच्छ निघाली.

घरी आल्यावर मी लाल पाणी ओतून दिलं, टाक्या साध्या पाण्यानं धुतल्या, यंत्र परत केलं. गालिचा उचलून टाकला. फरशीवर आता न घसरणाऱ्या तळव्यांच्या सपाता घालून ती चालते. गालिच्यावर तिचं चालणं ऐकू येत नसे. आता येतं, आणि ते मधेच थांबलं की आम्ही दोघंही हातातलं काम सोडतो.

"उभी आहे रे!" आतून आवाज येतो. "खिडकी लावतेय."