बझचं कूळ

कुळगावच्या श्यामकांत प्रधानांना, समोरच्या माणसाचं आडनाव, गोत्र आणि मूळ गाव कळल्याशिवाय चहा गोड लागत नसे. शब्दांच्या बाबतीतही तेच. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते हेडक्लार्क होते, पण खरा जीव इंग्रजी शब्दांची घराणी खणण्यात. त्यासाठी उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी दुकानदाराशी घासाघीस करून त्यांनी जाडजूड जुना शब्दकोश आणला होता. बहुतेक शब्द ते शेवटी संस्कृतच्या दारात आणून सोडत.

एका वर्षी दोन गोष्टींनी एकदमच त्यांचं डोकं उठवलं. साहेबांच्या टेबलावर कारकुनांना बोलवायचा बझर बसला. आणि लेक मीनल म्हणाली, लग्न करीन तर हेमचंद्रशीच. हेमचंद्र त्यांच्याच कारखान्यात केमिस्ट होता. मुलगा शांत, हुशार, पण अनाथाश्रमात वाढलेला. गोत्र विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, "माहीत नाही." श्यामकांत "बघू" म्हणाले, आणि त्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे मांजरालाही ठाऊक होतं. मीनल त्या दिवशी जेवलीच नाही.

श्यामकांतांनी मात्र बझरमधल्या 'बझ'चं मूळ शोधायला घेतलं. ग्रीक नाही, लॅटिन नाही, संस्कृतने तर ओळखही दाखवली नाही. कोश म्हणत होता, नुसता आवाज ऐकून केलेला शब्द, बाकी काही नाही. आधी त्यांना हा अपमानच वाटला. मग हळूहळू शब्द आवडू लागला, इतका की वाचनालयात त्यांनी त्याच्यावर व्याख्यान ठेवलं.

"मधमाशी गुणगुणली, इंग्रज म्हणाले बझ," ते रंगात येऊन सांगत होते. "तिथून तो माणसांच्या कुजबुजीत शिरला, मग अफवेत, आणि आता आमच्या साहेबांच्या टेबलावर बसलाय. त्याला ना आई ना बाप. आपली गुणगुण, भुणभुण तशीच. अशा शब्दाचं कूळ कशाला विचारायचं? कामाला कसा येतो ते बघावं."

टाळ्या पडल्या. कोणाला काही शंका आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. बायकांच्या बाकावरून कुंदाताई उठल्या, म्हणजे वक्त्यांच्याच पत्नी.

"मला एवढंच विचारायचंय," त्या म्हणाल्या, "हेमचंद्रला जेवायला कधी बोलवू?"

प्रकरण गावाला आधीच ठाऊक होतं, त्यामुळे सभा पोट धरून हसली. श्यामकांतांनी पेलाभर पाणी सावकाश संपवलं.

"रविवारी," ते म्हणाले.

लग्नात भटजींनी वराचं गोत्र विचारलं, तसा हेमचंद्र खाली बघू लागला. श्यामकांत पुढे झाले. "काश्यप म्हणा. ज्याचं ठाऊक नसतं त्याचं काश्यप, ही आपली जुनी रीत आहे."

"आणि मूळ गाव कुठलं म्हणायचं मुलाचं?" मागून मीनलच्या वेणूआत्यांनी विचारलं. ही खोड त्यांच्या घराण्यातलीच.

"कुळगाव," श्यामकांत म्हणाले. "आमचंच घर."