आईने धुतलेला झेंडा

माझ्या आईने पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात, सगळ्या गावासमोर कान धरले. बासष्ट वर्षांची बाई. अंगावर इस्त्रीची पांढरी साडी. उपसरपंच माइकवर म्हणाला, "कान धर आणि बोल, परत असं करणार न्हाय." तिने धरले. बोलली. मग खाऊ वाटला. एक पुडा माझ्याही हातात आला आणि मी तो घेतला.

घेतला, हे आधीच सांगून टाकते. मी पस्तीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं तपासणारी. ड्रायव्हर लोक माझ्या तोंडाला लागत नाहीत. पण त्या दिवशी त्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. कारण मलाही आतून वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. ते लोक एवढं बोलतायत म्हणजे तसा नियम असणार. ही सवय आमच्या हाडात मुरलेली आहे. उपसरपंचापेक्षा मला ह्या सवयीचाच जास्त राग येतो.

आईने केलं होतं काय? झेंडा धुतला होता.

घरोघरी तिरंगा लावा, अशी दवंडी पंचायतीनेच दिली होती. तेरा तारखेला आईने लावला. आमचं घर बौद्धवाडीच्या तोंडाशी, उरणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. दिवसरात्र ट्रेलर. चौदाला दुपारी एक ट्रेलर भरधाव खड्ड्यातून गेला आणि चिखलाचं पाणी ओटीवर, भिंतीवर, झेंड्यावर उडालं. आईने लगेच झेंडा उतरवला. उद्या पंधरा ऑगस्ट, आणि झेंडा असा.

आता आमच्या वाडीची रीत सांगते. चौदा एप्रिल जवळ आली की प्रत्येक घरावरचा निळा झेंडा किंवा पंचशील ध्वज खाली उतरतो. बायका तो वेगळ्या पाण्यात धुतात, इस्त्री करतात, मग पुन्हा चढवतात. मळका झेंडा घरावर ठेवणं ही आमच्याकडे शरमेची गोष्ट. आईने तरुणपणी मिठागरात मजुरी केली. टाचा मिठाने फाटलेल्या, तरी झेंडा धुवायला ती कधी चुकली नाही. तिरंगाही तिने तसाच धुतला. नवीन टब काढला. दोरीवरचे घरातले सगळे कपडे आधी काढून घेतले. मग केशरी रंग वर ठेवून, चार चिमटे लावून, एकटा झेंडा उन्हात वाळत घातला.

रस्त्यावरून मोटारसायकलने जाणाऱ्या कोणीतरी फोटो काढला. फोटोत मागच्या दोरीवरचा शेजारच्या मावशीचा परकरही आला. संध्याकाळी फोटो गावाच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, "यांच्या हातात झेंडा दिला की असं होतं." त्याखाली अंगठ्यांची रांग. माझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसलेल्या पोरीचाही अंगठा होता.

पंधराला घरी आल्यावर आईने झेंडा घडी करून पेटीत ठेवला. जेवली नाही. एवढंच म्हणाली, "मळला व्हता बाय. मळका कसा लावू?"

रविवारी पंचायतीचा शिपाई कागद घेऊन आला. हमीपत्र. "आमच्याकडून राष्ट्रध्वजाचा अवमान झाला असून यापुढे आम्ही आमच्या घरावर ध्वज लावणार नाही." खाली आईचं नाव टाईप केलेलं. शिपाई म्हणाला, सही झाली की प्रकरण मिटलं, भाऊंनी सांगितलंय. भाऊ म्हणजे उपसरपंच. आई साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती, त्या सहीचा तिला फार अभिमान. तिने पेन हातात घेतलं.

आणि माझं डोकं फिरलं. कान धरले ते एका दिवसापुरते. हे कायमचं होतं. आमच्या घरावर आमच्या देशाचा झेंडा लावायचा नाही, आणि तेही आम्हीच लिहून द्यायचं. मी आईच्या हातातलं पेन काढून घेतलं.

शिपायाला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि मोबाईलवर ध्वजसंहिता उघडली. ती पहिल्यांदा वाचत होते. मला लाज वाटली. रोज लोकांच्या कागदांतल्या चुका काढणारी मी, आईवर आळ आला तेव्हा एक पान उघडून बघितलं नव्हतं. वाचलं. केशरी रंग वर हवा. फाटलेला, विस्कटलेला ध्वज लावू नये. त्याच काठीवर दुसरा झेंडा नको, दुसरा कुठला झेंडा त्याच्यापेक्षा उंच नको. मुद्दाम जमिनीला टेकवू नये, पाण्यात ओढू नये. इथे मी अडकले. दोनदा वाचलं. ओढू नये म्हणजे विटंबना करू नये. मळलेला झेंडा स्वच्छ करणं ही विटंबना कशी? धुवू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी कागद बिनसहीचाच परत दिला. शिपायाला म्हटलं, "कुठला नियम मोडला ते ह्याच्यावर लिहून आणा. मग सही." तो पाणी अर्धं टाकून गेला. आई माझ्यावरच चिडली. गावात राहायचंय आपल्याला, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाला गाठलं. भला माणूस. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, मॅडम, धुवायला हरकत कसली, मळका लावणं चूक. मी विचारलं, मग त्या दिवशी तुम्ही स्टेजवर बसला होतात ना? तो फाइल चाळायला लागला. अशा भल्या माणसांचं करायचं काय, मला अजून कळलेलं नाही.

परत येताना उपसरपंचाच्या दुमजली घरासमोर थांबले. गच्चीवर एकच पाइप. टोकाला त्याच्या पक्षाचा झेंडा, त्याखाली तिरंगा, कडेने चिंध्या झालेला. मोबाईल हातात होता. एक फोटो आणि ग्रुपवर टाकला असता की झालं. बोट बटणापर्यंत गेलं. पण मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? शिवाय मला त्याला कान धरताना बघायचं नव्हतं. मला आईचा मान परत हवा होता. मोबाईल पर्समध्ये टाकला.

ग्रामसभेत लेखी अर्ज दिला. विषय: माझ्या आईने ध्वजाचा अवमान केलेला नाही, अशी नोंद करावी आणि जाहीर माफी मागावी. उत्तर आलं, ऐनवेळच्या विषयात घेऊ. ऐनवेळी सभा संपली. पुढच्या सभेला तेच. तिसऱ्या सभेला कोरम नाही. चौथ्या सभेला मी उभी राहून अर्ज मोठ्याने वाचायला लागले, तर माइक बंद पडला. माझ्याच वाडीतले दोघेजण मला खाली बस म्हणून खुणावत होते. त्या दोघांना मी विसरणार नाही.

मध्यंतरी उपसरपंचाने निरोप धाडला. घरी ये, चहा घे, आईला पण आण, मी दोन शब्द बोलतो, विषय संपवू. आईने माझ्याकडे आशेने बघितलं. तिला खरंच ते पुरलं असतं. ती एवढ्यावर कशी समाधान मानू शकते, या विचाराने मी तिच्यावर ओरडले. नंतर मलाच वाईट वाटलं. पण निरोप परत पाठवला: "कान मैदानात धरायला लावले. माफी पण मैदानातच."

सव्वीस जानेवारीला झेंडा मीच लावला. आई बाहेर आली नाही. दारामागे उभी राहून केशरी वर आहे ना, एवढं विचारलं. आहे म्हटलं. पण स्वतःच्या घरावर झेंडा लावताना माझी आई अजून दारामागे उभी राहते.

ती भीती घालवल्याशिवाय मी थांबणार नाही. पाचव्या सभेचा अर्ज लिहून झालाय. सहाव्याचाही लिहीन. पुढारी बदलतील, नवीन येतील, अर्ज तोच राहील. शाळेचं मैदान, सगळा गाव, आणि माइक चालू. माफी तिथेच घेणार. आई असताना घेणार.