अंजुरतच्या बापाचं दार

होसियतचं दार दोन घरं सोडून मुरोदच्या घराला बसवलेलं होतं, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. अक्रोडाचं लाकूड, त्यावर कोरलेली डाळिंबं. तिचा नवरा हकनजर सुतार. मोठी लेक अंजुरत झाली त्या हिवाळ्यात त्यानं ते घडवलं होतं. मुरोदनं वरून निळा रंग फासला होता. रंग फासला की लोक आंधळे होतात, असं त्याला वाटत असावं.

देशातल्या आपसांतल्या लढाईच्या पहिल्याच थंडीत बंदूकवाले हकनजरला घेऊन गेले. कोण होते, कुठे नेलं, आजतागायत पत्ता नाही. होसियत मुलांना घेऊन सरहद्दीवरच्या पंज नदीपलीकडे, परमुलखात पळाली, तिथे तंबूत दिवस काढले. परतली तेव्हा घराच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. छपराच्या तुळया, खिडक्या, दार, सगळं लंपास. तुळया तिनं पुन्हा घातल्या, दाराच्या जागी गोधडी टांगली. मग तह झाला, लढाईत जे झालं त्याच्या माफीचा कायदा आला, आणि तिला वाटलं, आता कुणीतरी विचारणारा आला.

आला तो मेला भलताच कायदा! होसियत थेट मुरोदच्या अंगणात गेली.

"मुरोद, शरदात अंजुरतचं लग्न आहे. दार दे."

"कुठलं दार, आपा?"

"ज्याला टेकून उभा आहेस ते!"

मुरोद दारापासून हातभर दूर झाला. "हे बघ आपा, मला माफी मिळालीय. माफी म्हणजे काही झालंच नाही. आता मी दार दिलं, तर मी ते चोरलं होतं असा अर्थ होईल. मग त्या माफीचा उपयोग काय?"

"म्हणजे चोरलंस म्हणून माफी, आणि माफी मिळाली म्हणून चोरलं नाहीस?"

"तू शिकलेली नाहीस, तुला नाही कळायचं."

मुरोदही चौथीच्या पुढे गेला नव्हता. होसियतनं कपाळाला हात लावला आणि गाडी पकडून शहरातलं समेटाचं कार्यालय गाठलं. तिथला पोरसवदा अधिकारी मोठा गोड बोलणारा. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"खोला," त्यानं तिला मावशी म्हणून हाक मारली, "त्यांना माफ केलंय."

"त्याला केलंस ना? कर बाबा. दाराला कुणी माफ केलं? दार तर माझं आहे!"

"जुनं उकरून काढायचं नाही, असं ठरलंय. आणि खोला, माफी तुम्हालाही आहे."

"मला? कशाची?"

अधिकारी जरा विचारात पडला. "असेल काहीतरी. हद्द ओलांडून गेला होतात ना?"

होसियतनं चहा तसाच ठेवला आणि उठली. दगडावर डोकं आपटलं तर निदान दगडाला ओरखडा तरी पडतो.

तिची तळमळ नुसत्या लाकडासाठी नव्हती. त्यांच्यात सासरी निघालेली लेक बापाच्या दाराला ओठ लावते, आई तिच्या डोक्यावर भाकर धरते, आणि त्या भाकरीखालून लेक बाहेर पडते. बाप नाही, बापाची कबर नाही. अंजुरतनं ना कपडे मागितले ना भांडी. एवढंच म्हणाली, "आई, गोधडीला ओठ लावून जाऊ का मी?" यावर आईनं काय बोलायचं?

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात आलं, डफ वाजू लागले. होसियतनं लेकीचा हात धरला, भाकर उचलली आणि भर दुपारी, सगळ्या वऱ्हाडासह, मुरोदच्या घराकडे चालू लागली. डफवाले गोंधळले, पण वाजवत मागोमाग आले.

मुरोद उंबऱ्यात आडवा. "आपा, हे काय? घर माझं आहे!"

"तुझंच आहे. आम्हाला घर नको. पोरीला फक्त आत येऊन बाहेर जायचंय."

आता आईच्या हातात भाकर आणि दारात उभी नवरी, तिला परत कोण लावणार? आतून मुरोदची म्हातारी आई कडाडली, "सरक रे बाजूला! अजून किती लाज घालवशील?" मुरोद सरकला. अंजुरत आत गेली, वळली, निळ्या रंगाखालच्या डाळिंबांना तिनं ओठ लावले, आणि भाकरीखालून वाकून बाहेर पडली. डफ थांबले होते.

नवरीची गाडी गेली. तिला बघायला मुरोदची आई आणि बायकोही अंगणात आल्या होत्या. वऱ्हाड पांगलं. मुरोद हळू आवाजात म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता तरी माफ केलंस?"

"तू मागितलीस कधी? सरकारकडे मागितलीस, मिळाली. माझ्याकडे आलास का एकदा तरी?"

मुरोदनं तोंड उघडलं. शेजारीपाजारी कान टवकारून उभे होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चहा तरी घे, आपा."

"घाल चुलीत तुझा चहा!" होसियत ओरडली आणि तिथेच मटकन बसली, उंबऱ्यात, दाराला पाठ लावून. मग ती रडली. हकनजरला नेल्यापासून ती अशी मोकळी रडली नव्हती. कबरच नाही, तर कुठे बसून रडणार? त्याच्या हातचं म्हणून एवढंच उरलं होतं. मुरोद, त्याची बायको, म्हातारी, सगळं बिऱ्हाड आपल्याच घराबाहेर ताटकळत उभं राहिलं, आणि तिला ऊठ म्हणायची एकाचीही छाती झाली नाही.