दारावरची ट्यूबलाईट

चांगल्या प्लास्टर केलेल्या भिंतीवर विटांचं चित्र छापलेला कागद चिकटवणारा माणूस मी पहिल्यांदा आमच्याच घरात पाहिला, आणि वर त्याला आम्ही चहा पाजला, चिवडा दिला. याच विटा झाकायला माझ्या बाबांची अर्धी नोकरी गेली होती. रेल्वेच्या वर्कशॉपातून बोनस मिळाला की एक भिंत, असं करत करत त्यांनी रायपूरचं हे घर प्लास्टर करून घेतलं. आता पाहुणे येतात, त्या खोट्या विटांवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "अरे वा, एकदम असली!" असली तर आत होत्या, बापा. त्या कोणी पाहायला आलं नाही.

घरात आम्ही चौघं. बाबा, माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि मी. आई चार वर्षांपूर्वी गेली. मी सरकारी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे माझी मतं सासरी वाया गेली नाहीत, सगळी इथंच खर्च झाली. भाऊ बँकेत आहे. बँकेतल्या कोणाच्या तरी नव्या फ्लॅटमध्ये तो जेवायला गेला आणि तिथून आल्यापासून त्याच्या अंगात आलं.

"ताई, त्यांच्याकडे दिवाच दिसत नाही. फक्त उजेड दिसतो!"

"काहून? दिव्यानं काय चोरी केली आहे, लपून बसायला?" मी म्हटलं. पण वहिनीचे डोळे चमकले होते, आणि आमच्या घरात वहिनीचे डोळे चमकले की समजायचं, काम ठरलं.

मग तो डिझायनर आला. घोट्याच्या वर संपणारी पँट, हातात टॅब, आणि प्रत्येक वाक्यात "फील". छताकडे पाहून म्हणाला, फील नहीं आ रहा. खिडकीकडे पाहून म्हणाला, यहाँ से बहुत ज्यादा आ रहा है. खिडकीतून उजेड येतो ही त्याची तक्रार होती, लक्षात घ्या. मग तो वंदनेच्या भिंतीसमोर थांबला. आमच्या पुढच्या खोलीत बुद्धाचा फोटो आहे, त्याखाली फळी, मेणबत्त्या, अगरबत्तीचं घर. दर रविवारी सकाळी शेजारची चार-सहा माणसं येतात, बाबा माणसांकडे तोंड करून वंदना सुरू करतात आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणतात. मी जन्मल्यापासून हेच पाहते आहे. तर हा पठ्ठ्या त्या फोटोसमोर उभा राहून आम्हालाच सांगतो, "दीदी, यहाँ एक बुद्धा का पीस लगा देते हैं. बुद्धा से घर में बहुत शांति का फील आता है."

पीस! आणि तो पीस कसा, तर नुसतं सोनेरी डोकं. धड नाही, हात नाही. ठेवायचं कुठे, तर दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, वरून एक छोटा दिवा सोडून. माझा संताप असा झाला की त्याला टॅबसकट बाहेर काढायला मी पदर खोचला. बाबांनी मात्र त्याच्या तोंडाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "चपलेवर नाही बसत आमच्याकडे." एवढंच. डोकं परत गेलं.

बाबांनी आणखी फक्त एकच गोष्ट मागितली. पुढच्या दारावर एक जुनी ट्यूबलाईट होती. माणसं दिवा छताला लावतात, बाबांनी ती दाराच्या चौकटीच्या अगदी वर, खाली वाकवून लावली होती, स्वतःच्या हातानं. त्यांची खुर्ची दाराला पाठ करून. म्हणजे उजेड त्यांच्या पाठीमागून यायचा आणि समोर बसलेल्याच्या थेट तोंडावर पडायचा. पाहुणे डोळे बारीक करून बसायचे. लहानपणी आम्ही त्या खोलीला पोलीस ठाणं म्हणायचो.

"बाकी काही करा," बाबा म्हणाले, "तो लाईट राहू द्या."

भाऊ हसला, वहिनी हसली, डिझायनर तर खिशातून रुमाल काढून हसला. मीही हसले. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. मीही हसले. ट्यूबलाईट भंगारवाल्याकडे गेली.

आणि दिवे निवडायला कोण गेलं? भाऊ-वहिनीबरोबर मीच. बूढापारा भागातल्या एका दुकानात वरच्या मजल्यावर नमुन्याची खोली होती. मालकानं आधी पांढरा उजेड लावला, मग पिवळा. समोर आरसा. पांढऱ्यात मी माझ्या वयाची शिक्षिका दिसत होते. पिवळ्यात सुरकुत्या गेल्या, डोळ्याखालचं काळं गेलं, दहा वर्षं गेली. "हाच घ्या," मी म्हटलं. "पिवळा चांगला वाटतो, घरगुती." घरगुती काय डोंबल! तोंड चांगलं दिसून राहिलं होतं म्हणून घेतला. दुसऱ्याच्या फॅशनला नावं ठेवणारी मी, आरशासमोर अशी पाघळले.

काम महिन्याभरात झालं. खोटं छत आलं, त्याच्या खाचेत पिवळी पट्टी लपली. सोफ्याच्या मागे एक उंच दिवा उभा राहिला, डोक्यावर टोपली उपडी घातलेला. पंडरीच्या कापडबाजारातून जाड पडदे आले. एसी लावायचा म्हणून ते दिवसाही ओढलेले. सोफ्यावर जो बसेल त्याच्या पाठीमागून उजेड, तोंडावर अंधार. कावीळ झाल्यासारखी सगळी खोली. वाचायला घ्यावं तर अक्षर दिसत नाही, तांदूळ निवडावे तर खडा दिसत नाही. वहिनी म्हणायची, "किती शांत वाटते ना?" वाटणारच. काही करताच येत नाही म्हटल्यावर माणूस शांतच बसणार.

सगळ्यांत शांत बाबा झाले.

आधी मी लक्ष दिलं नाही. बाबांना थोडं कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. पस्तीस वर्षं वॅगनला रिव्हेट ठोकलेल्या माणसाला कमी ऐकू येणारच. पण गप्पा मारायला ते पक्के होते, उत्तर कधी चुकायचं नाही. आता विचारलं, "बाबा, चहा?" तर म्हणायचे, "हो, तो मघाच गेला." विचारलं, "औषध घेतलं?" तर नुसतं हसायचे. कान तपासून मशीन आणलं. ते कानात घातलं की पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, सगळं एकदम डोक्यात शिरायचं. त्यांनी दोन दिवसांत ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग रविवारच्या वंदनेत घोटाळा झाला. बाबा दोन ओळी पुढे, माणसं मागे, मग माणसं थांबली तरी बाबा चालूच. शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या रविवारी भावानंच सुरुवात केली. बाबा मागे बसले, हात जोडून, तोंड मिटून.

"ताई, बाबा डोक्यानं चालले," भाऊ स्वयंपाकघरात म्हणाला. "कान नाही, डोकंच. आपण मान्य केलं पाहिजे."

मी मान्य केलं. बाबांचं मन जात चाललं, या विचारानं मी रडलेसुद्धा. पण रडून झाल्यावर काय केलं? बोलणं कमी केलं. काय बोलायचं, कळतच नाही तर! ताट समोर ठेवायचं, गोळी हातावर ठेवायची, की झालं. मोठी समजूतदार मुलगी.

मेमधल्या एका दुपारी तो डिझायनर गिऱ्हाईक घेऊन आला, आमची खोली दाखवायला. नवराबायको होते. आमचा हॉल म्हणजे आता त्याचं दुकानच झालं होतं. सगळे उभे, बाबा एकटे त्यांच्या जुन्या लाकडी खुर्चीत. डिझायनरला ती खुर्ची खुपत होती. "भैया, बस ये एक चीज हटा दो. पूरा लुक बिगाड़ रही है."

इतक्यात लाईट गेली. एसी बंद. दोन मिनिटांत खोली तापली, तसे वहिनीनं पडदे सर्रकन बाजूला केले, खिडक्या उघडल्या. रायपूरचं मे महिन्याचं ऊन, ते काय विचारून येतं? भस्सकन आत आलं, सगळ्यांच्या तोंडावर.

भाऊ वहिनीला हळू आवाजात म्हणाला, मराठीतच, पाहुण्यांना कळू नये म्हणून, "खुर्ची मागच्या खोलीत टाकू, बाबांनाही तिथंच बसवू. इथं बसून काय करतात आता? त्यांना काय समजून राहिलं!"

मी भावाच्या शेजारी होते, मलाही ते जेमतेम ऐकू आलं. समोरून, दहा हातांवरून बाबा म्हणाले,

"मागच्या खोलीत कूलर लावा लागते. मे-जूनमध्ये लय तपते तिथं."

रागानं नाही. वर्कशॉपात साहेबानं बदली सांगावी आणि माणसानं सामान किती हे सांगावं, तसं. गिऱ्हाईक नवराबायको विटांचा कागद बघत होते.

मला मात्र आई आठवली. आई बाबांना कधी मागून हाक मारायची नाही. अंगणात असो, स्वयंपाकघरात असो, हातातलं काम टाकून फिरून त्यांच्या समोर जायची, पदरानं तोंड पुसायची आणि मग बोलायची. आम्ही पोट्टे दुरून ओरडलो की दटावायची, "बाबाशी बोलाचं तर समोर येऊन बोल!" आम्हाला वाटायचं, वडिलांचा मान. मान कशाचा? त्या वर्कशॉपात हातोड्यांच्या आवाजात कोणाला कोणाचं ऐकूच यायचं नाही. ती माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची, आठ-आठ तास. बाबा घरीही तेच करत आले. कान केव्हाच गेले होते. त्यांनी सांगितलं नाही, आईनं सांगितलं नाही, आणि दारावरच्या त्या एका ट्यूबलाईटवर चाळीस वर्षं निभावून नेलं.

मी खिडकीजवळ गेले, उन्हाकडे तोंड करून उभी राहिले, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. चहा घेता का?

"अर्धा कप," बाबा म्हणाले. "आलं टाक."

डिझायनरला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. शाळेतल्या नोकरीचा प्रश्न आहे. त्याची गिऱ्हाईकं चपला हातात घेऊनच पळाली. तो जाता जाता म्हणाला, दीदी, सफेद लाइट लगाओगे तो पूरा फील मर जाएगा. मरू दे म्हटलं, तेराव्याला तुला बोलावते. आमच्यात तेरावं नसतं, पण त्या क्षणी जे तोंडात आलं ते आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर बूढापाऱ्याच्या त्याच दुकानात गेले आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत पांढरी लांब ट्यूब मागितली. मालक म्हणाला, दीदी, ये तो गोदाम में लगाते हैं. म्हटलं, हव, तीच द्या. इलेक्ट्रिशियननं दारावर लावताना विटांचा कागद टराटरा फाडला. खालून बाबांचं प्लास्टर निघालं, आणि त्यात जुन्या ट्यूबलाईटसाठी त्यांनीच ठोकलेल्या दोन लाकडी गुट्ट्या. वहिनी फाटलेला कागद गोळा करत होती. भाऊ खुर्ची उचलून दाराला पाठ करून ठेवत होता, खाली मान घालून.

बटण दाबलं. आम्ही तिघंही एकदम म्हातारे दिसायला लागलो.

बाबा खुर्चीत बसले. एकेकाच्या तोंडाकडे त्यांनी सावकाश पाहिलं. गावाहून परत आलेला माणूस पाहतो तसं. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला दिसून नव्हतं राहिलं, तर सांगितलं काहून नाही?"

"मले काय माहीत वं," बाबा म्हणाले. "मले वाटलं, तुमची माय गेली, आता माह्याशी बोलाचा तुमाले कंटाळा आला. म्हाताऱ्यानं काय विचाराव, काहून नाही बोलत म्हणून?"

पाच महिने. पाच महिने त्या माणसाला वाटत होतं की पोरांनी बोलणं टाकलं, आणि तरी तो रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्या अंधारात आमच्यासमोर येऊन बसत होता. आणि मी डोळ्याखालचं काळं लपवत होते. मी तोंड फिरवलं, भिंतीकडे पाहत त्यांची माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली, नाक ओढत, पदर तोंडाला लावून.

पाठीवर त्यांच्या जाड बोटांचा टोला बसला, वर्कशॉपात सोबत्याला बोलवायला मारत तसा.

"इकडे पाह्य," बाबा म्हणाले. "समोर येऊन बोल."